शाळेतलं नाव, घरचं नाव

धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी इतिहास शिकवते. मूळची मी चंद्रपूरची. अब्बांचं गाद्या-रजया भरायचं छोटं दुकान होतं आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक मुली दहावीच्या आधीच शाळा सोडायच्या. मी सोडली नाही, त्याचं एक कारण माझं नाव. पाचवीत असताना गुरुजींनी हजेरी घेता घेता मान वर केली आणि म्हणाले, तुझ्या नावाची एक राणी होऊन गेली, तिनं स्वतः तख्तावर बसून राज्य केलं. त्या दिवसापासून मी वर्गात पुढच्या रांगेत बसायला लागले. मला कोणी उठवलं नाही.

म्हणूनच सातवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एक काम दिलं. प्रत्येकानं आपल्या नावाचं इतिहासातलं एक तरी माणूस शोधायचं आणि त्याच्याबद्दल कार्डशीटवर लिहायचं. गडचिरोलीला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं आम्ही ते मांडणार होतो. ग्रंथालयात चरित्रकोशाचे जाड खंड होते आणि कमी पडलं तर माझा मोबाईल होता.

वर्ग नुसता पेटला. एकाच नावाची तीन मुलं होती. पहिल्यानं राजा घेतला, दुसऱ्यानं संत घेतला आणि तिसऱ्याच्या वाट्याला धन्याला दगा देणारा एक कारभारी उरला. तो रडकुंडीला आला. मी त्याला सांगितलं, इतिहासात तेही असतं, लिही. त्यानं सगळं नीट लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरांत जोडलं, ‘हा माझ्या नावाचा होता, पण मी याच्यासारखा नाही.’

खिडकीपाशी बसणारी एक मुलगी मात्र दोन दिवस काहीच करत नव्हती. अंगानं काटक, कबड्डीत चढाईला गेली की दोघा-तिघांना बाद करूनच परत यायची. वर्गात कमी बोलायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, कोन्तं नाव घेऊ? शाळेतलं का घरचं?”

तिला दोन नावं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. हजेरीत आहे ते घे, असं मी सांगून टाकलं. तिनं तेच केलं. हजेरीतल्या तिच्या नावाच्या राण्याच तीन निघाल्या. त्यातली एक निवडून तिनं घोड्यासकट चित्र काढलं, सुंदर अक्षरात मजकूर लिहिला. मी शाबासकी दिली. तरी ती हलेना.

“मॅडम, हे माह्यं नाई.”

मला वाटलं, चित्र दुसऱ्या कोणी काढून दिलं असेल. पण ती नावाबद्दल बोलत होती. पहिलीत घालायला वडील तिला घेऊन गेले, तेव्हा तिथल्या गुरुजींनी नाव विचारलं, ऐकलं आणि हसले. हे काय लिहायचं नाव आहे का, म्हणाले, आणि स्वतःला आवडलेलं एक नाव रजिस्टरमध्ये लिहून मोकळे झाले. वडील शेजारी उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, काय लिहिलं ते त्यांना कित्येक महिन्यांनी कळलं. तेव्हापासून ती शाळेत एका नावाला ‘हजर’ म्हणत होती आणि सुट्टीत दुसऱ्या नावाला ओ देत होती.

तिचं घरचं नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. गोंडी नाव आहे, दोन अक्षरांचं, दुसरं अक्षर थोडं ओढून म्हणायचं, एवढं पुरे.

आम्ही दोघींनी चरित्रकोशाचे खंड चाळले. त्या नावाचं कुणीच नव्हतं. मोबाईलवर शोधलं तर कुठल्या तरी परदेशी फळाचे फोटो आले. तेव्हा मी तिला म्हटलं, राहू दे, तुझं शाळेतलं नाव छान आहे. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

“छान हाये,” ती म्हणाली, “पन ते माह्यं नाई. आमच्या गावात माह्या घरच्या नावाच्या बाईचा दगड हाये. तुमी या पाह्याले.”

धान कापणीसाठी शनिवारी तिचे वडील मोटरसायकलवर तिला न्यायला आले. मुख्याध्यापकांना सांगून मीही निघाले. ती माझ्या स्कूटीवर मागे बसली. डांबरी रस्ता संपल्यावर एक नाला लागला, तिथं वडिलांनी आणि तिनं माझी स्कूटी ढकलत पाण्यातून पार नेली. पुढे तीसेक घरांचं गाव. अंगणाअंगणात धानाच्या पेंढ्या रचलेल्या. माझ्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं आणि गायत्याला बोलावणं गेलं. गायता म्हणजे गावाच्या देवाचं पाहणारा. म्हातारा, पण माझ्यापुढे चालायला लागला तर मला गाठता येईना.

दगड बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, कडेला मोहाच्या झाडाखाली उभा होता. माझ्या छातीएवढा, कसलीही अक्षरं नसलेला, नुकतीच हळद लावलेला. गायता गोंडीत सांगत होता आणि मुलगी मला मराठीत.

फार मागे एकदा लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. लोक कंद खाऊन, मोहफुलं उकडून दिवस काढत होते. या नावाच्या बाईकडे धानाचं बियाणं होतं, दुधी भोपळ्याच्या एका वाळलेल्या तुंब्यात भरलेलं. बाकी सगळ्यांनी आपापलं बियाणं खाऊन संपवलं होतं. लोक मागायला आले, तिनं दिलं नाही. तुंबा कमरेला बांधून ती रोज जंगलात जायची, लोकांना कंद खणून आणून द्यायची, पण बियाण्याला हात लावू द्यायची नाही. सख्खा भाऊ आला, त्यालाही नाही. तो रागानं बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. त्याच उन्हाळ्यात तिचं धाकटं मूल गेलं. तुंबा तेव्हाही कमरेलाच होता. पुढच्या वर्षी पाऊस झाला. तिनं तुंबा फोडला आणि ओंजळ ओंजळ करून प्रत्येक घराला बियाणं दिलं. तिच्या मागं गावानं हा दगड उभा केला.

 मी सगळं वहीत लिहून घेतलं. मग मी इतिहासाच्या शिक्षिकेचा प्रश्न विचारला, हे कुठल्या साली झालं? मुलीनं तो गायत्याला विचारला. या वेळी तो थेट माझ्याकडे बघून मराठीत बोलला.

“साल मले नाई मालूम, मॅडम. बाया मालूम हायेत.”

आणि त्यानं बोटांवर बाया मोजल्या. त्यांच्याकडे मूल जन्मलं की पाण्यात तांदळाचे दाणे सोडतात आणि एकेका पूर्वजाचं नाव घेतात. ज्याच्या नावावर दोन दाणे जवळ येऊन चिकटतात, तो घरात परत आला असं धरतात आणि तेच नाव ठेवतात. असं करत ही बाई आतापर्यंत सहा वेळा परत आली होती. प्रत्येक वेळी कुठल्या घरात, कुणाच्या पोटी, पुढे कुठल्या गावी दिली, सगळं त्याला तोंडपाठ होतं. सहावी म्हणजे माझ्यासमोर उभी असलेली ही मुलगी. तिचे दाणे त्यानंच सोडले होते.

रविवारी दुपारी परत आल्यावर मी चंद्रपूरला अम्मीला फोन केला. माझं नाव त्या राणीवरून ठेवलं ना, असं विचारलं. अम्मी हसायला लागली. कुठली राणी, म्हणाली, आम्हाला कुठे राण्या माहीत होत्या. माझ्या वेळी अम्मी दोन दिवस अडली होती आणि मोहल्ल्यातली एक दाई तिचा हात धरून दोन दिवस बसून राहिली, घरी स्वतःचं लेकरू आजारी असताना. तिचं नाव मला दिलं. मी तीन वर्षांची असताना ती दाई गेली. हे मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं, तर अम्मी म्हणाली, तू कधी विचारलंस? मला राणी हरवल्यासारखं काही वाटलं नाही. पण हातात रिकामी बादली घेऊन मी बराच वेळ अंगणातल्या नळाशी उभी होते.

मग मात्र मी रीतसर कामाला लागले. पुढच्या सुट्ट्यांना दोनदा त्या गावी गेले आणि गायत्याला बाजूला ठेवून आणखी दोन म्हाताऱ्या बायांना वेगवेगळं विचारलं. बायांची यादी तीच आली. भाऊ गेला ते गावही शोधलं, दीड तासाच्या अंतरावर होतं. तिथं ही गोष्ट सांगतात, पण वेगळ्या सुरात. आमच्या आज्याच्या आज्याला सख्ख्या बहिणीनं मूठभर धान दिलं नाही, असं. माझ्या दृष्टीनं ह्यापेक्षा भक्कम पुरावा नव्हता. भांडणाच्या दोन्ही बाजू एकच घटना सांगत होत्या.

मुलीनं जुनी कार्डशीट बाजूला ठेवून नवी केली. घोडा नव्हता. मध्ये दगडाचा फोटो, एका बाजूला बायांची यादी, दुसऱ्या बाजूला दोन्ही गावांनी सांगितलेल्या दोन गोष्टी. वडिलांनी एक तुंबा आणि ओंजळभर धान पाठवलं, ते समोर ठेवलं.

गडचिरोलीच्या प्रदर्शनात तपासायला आलेले साहेब वयस्कर आणि कडक होते. त्यांनी शीट वाचली आणि विचारलं, संदर्भ कोणत्या पुस्तकाचा? पुस्तक नाही, दगड आहे आणि माणसं आहेत, असं तिनं सांगितलं. मग ही दंतकथा झाली, इतिहास नव्हे, असं ते म्हणाले आणि पुढे निघाले. मी त्यांना थांबवलं. आवाज न चढवता सांगितलं की मी या गोष्टीची तिघांकडून वेगवेगळी खात्री केली आहे, भावाच्या गावाची साक्षही आहे, आणि माझी वही त्यांच्यापुढे धरली. ते उभ्या उभ्या वाचत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही, तिला विचारलं. यातलं खरं कोणाचं, बहिणीचं की भावाचं?

ती जराही गडबडली नाही.

“दोघायचंय, सर. तो उपाशी होता. आन तिनं बी खाल्लं नाई.”

 बक्षीस आम्हाला मिळालं नाही, ते एका किल्ल्याच्या प्रतिकृतीला गेलं. पण निघताना साहेब परत आमच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, शीटवर खाली विद्यार्थिनीचं नाव एक आणि यादीतली सहावी हीच असून तिथं नाव वेगळं, हे कसं? मी कारण सांगितलं. त्यांनी तिथंच खुर्ची ओढली आणि समजावलं की शाळेच्या रजिस्टरातलं नाव दुरुस्त होतं. पालकांचा अर्ज लागतो आणि लहानपणच्या नावाचा एक तरी कागद लागतो. जे करायचं ते दहावीच्या आत करा, नंतर फार त्रास होतो.

कागद कुठून आणायचा हा प्रश्न होता. जन्माचा दाखला शाळेतल्या नावानंच काढलेला. शेवटी गावच्या अंगणवाडीची बाई आठवली. तिनं लसीकरणाचं जुनं रजिस्टर प्लास्टिकमध्ये बांधून पेटीच्या तळाला जपून ठेवलं होतं. त्यात तीन लसींच्या पुढे तीन वेळा तेच घरचं नाव होतं. पहिलीतले गुरुजी हसले त्याच्या किती तरी आधीचं.

आमचे मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ, पण ते कचरले. कागदपत्रांचा व्याप आहे, म्हणाले, आणि उद्या पोरगी नागपूर-पुण्याला शिकायला गेली तर या नावानं तिचीच पंचाईत होईल. ते काळजीनं बोलत होते, म्हणून मीही शांतपणे बोलले. सर, मी इथं आले तेव्हा स्टाफरूममध्ये माझं नाव कोणाला धड घेता येत नव्हतं. तुम्हालाही नाही. सहा महिन्यांत सगळे शिकले. त्यांनी हसून अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

मंजुरी यायला पुढचं वर्ष उजाडलं, ती आठवीत गेली होती. मुख्याध्यापकांनी तिला ऑफिसात बोलावलं, तिच्यादेखत जुन्या नावावर लाल शाईची रेघ मारली आणि वर नवीन लिहिलं. दुसरं अक्षर बरोबर ओढलं आहे का, हे तिलाच विचारलं. तिनं वाकून पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी हजेरीत मी ते नाव घेतलं तेव्हा सगळा वर्ग तिच्याकडे वळला. ती “हजर” म्हणाली आणि वही उघडून बसली.

त्या आठवड्यात आणखी मुलं माझ्याकडे आली. कोणाचं नाव बदललेलं, कोणाचं अर्धं कापलेलं. मी एका वहीत सगळी लिहून घेतली आणि पालकांना निरोप धाडले. एक मुलगी मात्र नुसती सांगायला आली होती. तिचंही नाव पहिलीत बदललं होतं. पण तेव्हापासून प्रत्येक वहीवर, प्रत्येक पेपरवर तिनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि आता ते तिला आवडायला लागलं होतं.

“मले दोन्ही पायजेत, मॅडम,” ती म्हणाली.

मी म्हटलं, ठेव दोन्ही. तिचा अर्ज मी भरला नाही.