पाण्याच्या पातळीखालचा माणूस

सिंगापुरातल्या आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकखाली उभं राहून तुम्ही 'शिवदास मेश्राम' अशी हाक मारलीत, तर खुद्द शिवदास मेश्रामसुद्धा वळून बघणार नाहीत. एक तर त्यांना कमी ऐकू येतं. दुसरं म्हणजे सगळं जग त्यांना चीफ म्हणतं. भंडाऱ्याच्या या माणसाने उभी हयात मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. आता इथल्याच एका कंपनीत बसून ते दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त करवून घेतात.

नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की आम्ही मोठ्या अभिमानाने त्यांना चीफकडे घेऊन जायचो. जग पाहिलेला माणूस! पाहुणा कौतुकाने विचारायचा, "हॅम्बुर्ग कसं आहे हो?"

चीफ डोळे मिटून आठवायचे. "जानेवारीत चार अंश."

"आणि ब्राझील?"

"सव्वीस. पण गाळ फार."

पाहुणा आमच्याकडे बघायचा, आम्ही छताकडे. भानगड अशी, की जहाजाचं इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेतात, आणि ते किती गार आहे याची इंजिनरूममध्ये नोंद होते. इंजिनरूमला खिडकी नसते. ती असते पाण्याच्या पातळीखाली. बंदर आलं की कॅप्टन वर उभा राहून शहराचे दिवे बघतो आणि चीफ खाली पंप उघडून बसतात. असं करत करत हा गृहस्थ पृथ्वीला कितीतरी वेळा फेरी मारून आला आणि पृथ्वी बघायची राहूनच गेली. ताप आलेल्या पोराचं घ्यावं तसं तिचं तापमान तेवढं घेतलं.

इकडे त्यांच्या पत्नी नंदावहिनी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होत्या, लेकीला, एकताला, वाढवत होत्या आणि फोनची वाट बघत होत्या. फोन यायचा.

"मी इटलीत आहे."

"अगंबाई! काय दिसतंय?"

"दोन नंबरचा जनरेटर."

वहिनी हे सांगताना हसतात, पण हसून झाल्यावर विषय बदलतात.

यंदा एकताने दोघांसाठी सहल शोधून काढली. तिचं लग्न झालं, ती यिशुनला राहते, आणि आईबापांनी आता काहीतरी मजा करावी असा तिचा हुकूम आहे. उत्तर इटलीत पो नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठाच्या बांधावरून समुद्रापर्यंत खडीची वाट जाते. मोटारी नाहीत, चढ नाही, सायकल काढायची आणि नदीबरोबर निघायचं.

"फ्लॅट वन, बाबा. नो कार्स. यू ऑल्सो कॅन, लाह," एकता म्हणाली. शेवटच्या सिंगापुरी 'लाह'मध्ये बापाच्या पोटाकडे एक कटाक्ष होता.

जाड टायरच्या दोन सायकली आल्या. ज्या दिवशी आल्या त्याच दिवशी चीफनी त्या पूर्ण खोलल्या. वहिनी कामावरून परतल्या तेव्हा हॉलमध्ये वर्तमानपत्रावर दोन सायकलींचे अवयव मांडलेले होते आणि बेअरिंगच्या गोळ्या वरणाच्या वाटीत ग्रीस खात होत्या.

"अहो, चालत नव्हत्या का?"

"चालत होत्या. का चालत होत्या, ते बघतोय."

सराव रेल कॉरिडॉरवर. मलेशियाकडे जाणारी जुनी रेल्वे बंद झाली, रूळ उचलले आणि तिथे माती-खडीची सरळ वाट झाली. दोन्ही बाजूंना झाडी, अधूनमधून माकडं, आणि हे सिंगापूरच आहे ना असं वाटायला लावणारी शांतता. वहिनी शाळेत असताना भंडाऱ्याला सायकलने जायच्या. पहिल्या रविवारी त्या दहा मिनिटं डगमगल्या आणि मग अशा सुटल्या की बरोबर आलेल्या आम्ही शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चीफ मागून आले. मान खाली, कान साखळीकडे. त्यांच्या मते साखळी काहीतरी सांगत होती.

हिलव्ह्यूच्या पुढे एक घोरपड वाटेत आडवी आली. चांगली माणसाएवढी लांब, शेपटी या कडेला तर तोंड त्या कडेला. पळणारे थांबले, एका बाईने किंचाळून घेतलं, लोकांनी फोन काढले. वहिनी सायकलवरून उतरून हात जोडल्यासारख्या उभ्या राहिल्या. चीफ आले, घोरपडीच्या शेपटीला वळसा घालून पुढे निघून गेले, आणि बऱ्याच अंतरावर थांबून आनंदाने ओरडले, "सापडलं! मागचा गिअर अर्धा मिलिमीटर बाहेर आहे!"

"घोरपड बघितली का?" वहिनींनी जवळ जाऊन विचारलं.

"कुठे घोरपड?"

त्या संध्याकाळी खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप समोर ठेवून वहिनींनी अट घातली. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, त्यामुळे साक्षीदारही झालो.

"इटलीत कुठल्याही मशीनखोलीत पाऊल टाकायचं नाही. मी बघेन ते बघायचं. मला एवढी वर्षं तुमच्याबरोबर एक गाव बघायचंय. या वेळीही तुम्ही खाली मान घालून आलात, तर यापुढे मी तुमच्याबरोबर कुठेही येणार नाही. राधिकाताईबरोबर जाईन."

राधिकाताई म्हणजे वहिनींची मोठी बहीण. ती प्रवासाला निघाली की बरोबर लोणच्याच्या तीन बरण्या आणि स्वतःची उशी घेते. वहिनी किती टोकाला आल्या होत्या, हे यावरून कळावं. चीफनी कप खाली ठेवला. "मान्य," ते म्हणाले, आणि जहाजावर हुकूम परत म्हणून दाखवतात तसा तो शब्द पुन्हा एकदा म्हणाले, म्हणजे त्यांना नीट ऐकू आलं होतं.

पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. नवराबायकोच्या दोन हकिगती एकमेकींशी जुळल्या, हेच मला पहिलं आश्चर्य वाटलं.

पो नदीचा बांध म्हणजे मैलोन् मैल पसरलेली हिरवी भिंत, आणि तिच्या माथ्यावर पांढऱ्या खडीची वाट. खाली शेतं, लांबवर चर्चचा मनोरा, आणि आवाज फक्त टायरखाली चुरणाऱ्या खडीचा. पहिल्या दिवशी चीफनी शिस्तीत मान वर ठेवली. वहिनी मधूनमधून परीक्षा घेत होत्या.

"काय दिसलं?"

"झाडं. एका ओळीत. कुणीतरी दोरी धरून लावलीत."

"आणि?"

"बगळा. उभा आहे. चालू नाही."

वहिनी म्हणतात, मला रडू येणार होतं, पण तेवढ्यात हसूच आलं. इतक्या सपाट, इतक्या मोठ्या आभाळाखाली त्या पहिल्यांदाच चालल्या होत्या, आणि शेजारचा माणूस हजेरी लावल्यासारखा देश बघत होता. चार दिवसांची वाट. पहिला असाच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुढे होत्या. मागची खडी वाजायची थांबली. वळून बघितलं तर चीफ वाटेच्या मध्यावर सायकलचा दांडा दोन पायांत धरून उभे. झालं, वहिनींना वाटलं, बसले गिअरशी बोलत. पण चीफ सायकलकडे बघत नव्हते. डावीकडे बघत होते, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"काय झालं हो?"

"नंदा, नदीचं पाणी बघ कुठे आहे." त्यांचा आवाज बदलला होता. "बघितलंस? आता ते घर बघ."

डाव्या हाताला नदी होती, रुंद, तपकिरी, सावकाश. उजव्या हाताला, बांधाच्या पायथ्याशी, लाल कौलांचं घर. अंगणात एक बाई दोरीवर चादरी घालत होती. वहिनींनी नदीवरून नजर सरळ रेषेत उजवीकडे आणली, आणि ती नजर घराच्या कौलांवरून गेली. नदी छपरापेक्षा उंच होती.

कालपासून त्या नदी बघत होत्या आणि घरंही बघत होत्या. दोन्ही एका वेळी बघितली नव्हती.

"ती बाई पाण्याच्या पातळीखाली आहे," चीफ म्हणाले. "ते दुकान, ती शाळा, ते सगळं. पार लांबवर सगळा मुलूखच खाली आहे. आणि लोक चादरी वाळत घालताहेत!"

"मग पाऊस पडला की ते पाणी जातं कुठे?" वहिनींनी विचारलं.

चीफनी मान जराशी तिरकी केली. स्वयंपाकघरातून 'जेवायला या' अशी हाक ज्या कानाला पोचत नाही, त्या कानाने पलीकडच्या कालव्याकाठी, झाडांच्या मागे असलेली विटांची इमारत ऐकली.

"पंप," ते हळूच म्हणाले. "मोठे. दोन चालू आहेत. डावीकडच्याचं बेअरिंग कुरकुरतंय."

मग त्यांना अट आठवली. चेहरा एकदम शाळकरी झाला. "चल," म्हणाले, पायडलवर पाय ठेवला आणि खरोखरच निघाले. मान वर, नजर समोर. त्यांची ती पाठ वहिनींनी चांगी विमानतळावर अनेकदा लांब जाताना बघितली होती. "पण मला सोडून जाताना ती एकदाही एवढी दुःखी दिसली नव्हती," असं वहिनी म्हणतात.

त्यांनी हाक मारली. ऐकू गेली नाही. घंटी वाजवली. तीही नाही. शेवटी त्यांनी जोरात पायडल मारून चीफना गाठलं आणि सायकल आडवी घातली.

"मला ते पंप बघायचेत."

"आपलं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं? मी बघेन ते बघायचं. मी आता पंप बघणार आहे."

इमारतीचा रखवालदार पिकल्या मिशीचा आणि चीफइतकाच बहिरा होता. एकाला इटालियन येत नव्हतं, दुसऱ्याला दुसरं काहीच. चीफनी दारातूनच डावीकडच्या पंपाकडे बोट केलं, मग कानाकडे, मग तोंड वाकडं केलं. रखवालदाराने दोन्ही हात आभाळाकडे फेकले आणि बरोब्बर तसंच तोंड वाकडं केलं. मग दोघांनी हात मिळवले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आत उंच छताखाली हिरव्या रंगाचे पंप, घोड्यांसारखे ओळीने उभे. फरशी पुसून लख्ख. थरथर तळपायांतून वर येत होती. वहिनी दाराशीच थांबल्या. बाहेर केवढा तरी मुलूख पसरला होता, त्यात घरं, पोरं, भाताची खाचरं आणि चादरी, आणि या सगळ्याला कोरडं ठेवणारा हा एवढा एक घुमणारा आवाज. तो थांबला तर?

"अशाच ठिकाणी होतात तुम्ही?" त्यांनी ओरडून विचारलं.

चीफनी भिंतीतल्या उंच काचांकडे बघितलं. "याला खिडक्या आहेत," ते ओरडले.

वहिनींनी पंपाला लावायला हात पुढे केला. चीफनी तो मनगटाला धरून उलटा केला. "तळहात नाही. मागची बाजू लाव. गरम असलं तर हात आपोआप मागे येतो." वहिनींनी बोटांची मागची बाजू टेकवली. थरथर कोपरापर्यंत चढली. वहिनींनी हात काढला नाही.

थोड्या वेळाने चीफनी घड्याळ दाखवलं. "चल, मुक्कामाला पोचायचंय."

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाल्या. "मी आलेच."

त्या आल्या तेव्हा ऊन कललं होतं. दोन्ही सायकली गवतात पडल्या होत्या आणि चीफ बांधाच्या माथ्यावर, त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. नदी तांबूस झाली होती. बगळे उठून पाण्यावरून समुद्राच्या दिशेने निघाले होते. किती होते कुणास ठाऊक, आभाळ संपेपर्यंत होते.

वहिनींनी आपली सायकल उचलली. "चला, उशीर होतोय म्हणत होतात ना?"

"थांब गं जरा," चीफ म्हणाले. मान वळवली नाही, फक्त थोडं बाजूला सरकले.

वहिनींनी सायकल पुन्हा गवतात टाकली आणि त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या.