शंभर हात दोर

आमच्या ह्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. एवढा एक दोष सोडला तर माणूस लाखात एक. दोर वळणं हा ह्यांचा वाडवडिलांपासूनचा धंदा, आणि चाक फिरवणं हे लग्नानंतर माझ्या वाट्याला आलेलं काम. सरकारी गोदामांपैकी सगळ्यात लांबलचक गोदाम आमच्याकडे भाड्याने होतं. रुंदी बेताचीच, पण लांबी अशी की या टोकाहून मी ओरडले तर त्या टोकाला पोचेपर्यंत माझा राग निम्मा व्हायचा.

समुद्रापलीकडच्या देशात होड्या बांधणारा एक म्हातारा आहे. त्याला दरसाल आमचेच दोर लागतात. प्रत्येक दोर शंभर हात, मध्ये कुठेही सांधा नको. सांधा कप्पीत अडकतो, आणि भर समुद्रात दोर अडकला तर माणूस जिवानिशी जातो. म्हणून सांधा दिसला की माल परत. आमचं घर या एका गिऱ्हाइकावर चालतं.

तर मागच्या वर्षी सरकारला साक्षात्कार झाला, की त्या देशाशी आपला व्यापार वाढला पाहिजे. वाढवा ना, कोण नको म्हणतंय? पण यांचं व्यापार वाढवणं म्हणजे आधी आयोग नेमायचा, मग आयोगाला अध्यक्ष, अध्यक्षांना दालन, दालनाला एसी. आणि जागा कुठे सापडली, तर आमच्या गोदामात. अख्ख्या गावात त्या देशाला माल पाठवणारे आम्ही एकटे. व्यापार वाढवायला निघाले आणि पहिला पाय दिला तो आमच्याच पोटावर.

मोजमाप घ्यायला आयोगाचे सचिव आले तेव्हा मी नेमकी नणंदेच्या बाळंतपणाला गेले होते. सचिव गोड बोलले म्हणे. “काका, तुम्हाला हलवणार नाही. किती लांबी लागते तेवढी सांगा, उरलेल्या जागेत आम्ही भागवू.”

हे म्हणाले, “शंभर हात.”

झालं. दोरवाल्याला झोपेतून उठवून विचारा, किती लांबी, तो तयार दोराचीच लांबी सांगणार. आमच्यात दुसरं काही मोजतच नाहीत. पण शंभर हात दोर व्हायला सुताचे पदर दीडशे हात ताणावे लागतात. एका टोकाला माझं चाक, दुसऱ्या टोकाला ह्यांचा गाडा. पीळ बसेल तसा दोर आखडत जातो आणि गाडा पुढे सरकत येतो. ह्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं सुचलंच नाही. सचिवांनी विचारलंही नाही. मी परत आले तर बरोबर शंभर हातांवर विटांची भिंत, वर गिलावा, आणि हे त्या भिंतीकडे तोंड करून बसलेले.

“मीच सांगितलं गं,” एवढंच म्हणाले.

त्या सालचे सगळे दोर वळून झाले होते, एकच राहिला होता. पण एक जरी कमी पडला तरी माल जहाजावर चढत नाही, आणि जहाज तर तोंडावर आलेलं. मी तशीच सचिवांकडे गेले.

“बाई, भिंत पाडायची तर आयोगाची बैठक लागेल.”

“मग घ्या की.”

“अध्यक्ष दौऱ्यावर आहेत.”

“कुठे?”

“त्याच देशात. व्यापारवाढीसाठी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, भिंत राहू द्या, पदर पलीकडे न्यायला ताटाएवढं भोक पाडू द्या. तर तेही म्हणे बैठकीतच ठरणार. घरी आले तर हे म्हणतात, “जाऊ दे, चूक माझीच आहे.” मी म्हटलं, चूक तुमची असेल, पोट आपलं दोघांचं आहे.

अध्यक्ष परतायचे त्या दिवशी सगळा आयोग हार घेऊन विमानतळावर गेला. शिपाई तेवढा मागे, आणि तो आमच्या शेजारचाच. मी छिन्नी-हातोडी घेतली आणि भिंतीला भोक पाडलं. हे “अगं थांब, थांब” म्हणत होते, पण गाडा मात्र दालनात नेऊन लावला. पदर भोकातून आरपार गेले, अध्यक्षांच्या टेबलावरून, खुर्चीच्या पाठीवरून, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. मी चाक फिरवायला लागले.

निम्मा पीळ बसला असेल, तेवढ्यात दार उघडलं. अध्यक्ष, गळ्यात हार, मागे त्या देशाचे दोन पाहुणे. मला भोकातून दिसत होतं.

“हा काय प्रकार आहे? सोडा ते आधी.”

अर्धवट पिळलेला दोर सोडला की सगळा उलगडून त्याचा गुंता होतो, मग ते सूत फेकूनच द्यावं लागतं. साहेब म्हणाले की हे सोडणार, हे मी इतकी वर्षं बघत आले होते.

“नाही,” हे म्हणाले आणि गाडा आणखी घट्ट धरला. “शंभर हात झाल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही जरा वाकून पलीकडे जा, साहेब.”

पाहुणे हसत हसत वाकले. मग अध्यक्षांनाही वाकावं लागलं, हारासकट. गाडा टेबल-खुर्ची बाजूला सारत पुढे सरकत सरकत भिंतीला येऊन टेकला तेव्हा दोर शंभर हात भरला होता.

माल गेला. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन भोक बुजवून गेला. मला वाटलं आता नोटीस येणार. नोटीस आली नाही. आयोगाच्या दारात मोठा फोटो लागला. दोराला हात लावून अध्यक्ष उभे, शेजारी पाहुणे, आणि खाली लिहिलंय, ‘आयोगाचं पहिलं यश’. ह्यांचा त्यात फक्त कोपर आलाय.

पुढच्या सालच्या दोरांचं काय, ते म्हणे बैठकीत बघू. बैठक अजून झालेली नाही. काल मी छिन्नीला धार लावायला बसले, तर हे पाण्याचं भांडं घेऊन आले आणि दगडावर पाणी सोडत राहिले.