दोन्ही कान दिसले पाहिजेत

रागाच्या भरात माणसाने शपथ घेऊ नये, आणि घ्यायचीच असेल तर सगळं घर जेवायला बसलेलं असताना तर मुळीच घेऊ नये. मावशीने नेमकं तेच केलं.

मावशी म्हणजे चौकातल्या फोटो स्टुडिओची मावशी. सख्खी भाची तिला एकच, पण अख्खा रस्ता तिला मावशीच म्हणतो, कारण या रस्त्यावरचा असा एकही माणूस नाही की ज्याची हनुवटी मावशीने दोन बोटांनी धरून खाली केलेली नाही. स्टुडिओ म्हणजे एक अरुंद खोली. एक फिरतं स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना छत्रीचे दिवे. आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा, कारण आधीचे सगळे कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून घरोघरी गेले. खिळ्याला टांगलेला एक काळा कोट, जो कोणालाच बसत नाही आणि फोटोत सगळ्यांनाच शोभतो. या खोलीत मावशीचं राज्य. मोठमोठे अधिकारी तिथे शाळकरी पोरासारखे बसतात. "मान सरळ. हसू नका. केस मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत." आणि ते मुकाट्याने कान दाखवतात.

दुकान वडिलांचं. वडील होते तेव्हा लग्नं, सामने, उद्घाटनं अशी बाहेरची कामं ते करायचे आणि कॅमेऱ्याची पेटी उचलायला थोरल्याला न्यायचे. थोरला म्हणजे मावशीचा मोठा भाऊ. मावशीने एकदा विचारलं होतं, मी येऊ का? "बाहेरची धावपळ तुला झेपायची नाही. तू आतलं सांभाळ," असं उत्तर मिळालं, आणि मावशी आतलं सांभाळत बसली ती बसलीच. पुढे थोरल्याने कॅमेऱ्याला रामराम ठोकला आणि फरशांचं दुकान काढलं. फोटोग्राफीवर मतं द्यायचं मात्र त्याने सोडलं नाही.

तर त्या जेवणाला थोरला म्हणाला, "माणसाला स्टुलावर बसवायचं आणि बटण दाबायचं. याला फोटोग्राफी म्हणत नाहीत. हल्ली ते काम यंत्रं करतात."

कोपऱ्यातल्या टीव्हीवर, आवाज बंद केलेला, एक वाघ चालला होता. दुसरं काही दिसलं असतं तर मावशीची शपथ बरीच स्वस्तात पडली असती. पण दिसला वाघ.

"वाघाचा फोटो काढून आणते!" मावशी ताटावरून ओरडली. "जंगलातल्या, मोकळ्या वाघाचा! नाही आणला तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही, जा!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तेवढ्यात भाचीने फोनवर बोटं फिरवली आणि जाहीर केलं, "झालं बुक. फोटोग्राफीची खास सफारी आहे, गाईडसकट."

"साक्षीदार पाहिजे," थोरला म्हणाला. "नाहीतर कुणाचा तरी फोटो आपला म्हणून आणशील. धाकटे, तू जा हिच्याबरोबर."

धाकटी म्हणजे या दोघांची बहीण, भाचीची आई. पालीला भिते, लिफ्टला भिते, आणि भीती वाटली की बोलत सुटते. तिने नाही म्हणायच्या आत तिचंही बुक झालं होतं.

जीपमध्ये पाचजण होते. चालक. गाईड, ज्याचा आवाज जंगलात कुजबुजून कुजबुजून असा बसला होता की तो चहासुद्धा कुजबुजत मागायचा. एक दातांचा डॉक्टर, ज्याच्या मांडीवर दुधी भोपळ्याएवढी लेन्स होती. "वाघाने जांभई दिली ना, की मला त्याचे सुळे टिपायचेत," तो दर वळणाला सांगे. आणि या दोघी.

गाईडने पहिल्याच फेरीला नियम सांगितले. बोलायचं नाही. उभं राहायचं नाही. जनावराला हाक, शिट्टी, टाळी काहीही नाही. "कुणी आवाज काढला तर जीप तिथूनच मागे फिरेल. माझ्या सख्ख्या सासूने काढला तरी." मग तो फोटोबद्दल बोलला. जनावर चौकटीच्या मधोमध ठेवू नका. ते बघतंय त्या बाजूला जागा सोडा. त्याला मोकळं वाटू द्या.

मावशीने मान डोलावली आणि पिशवीतून वाळू भरलेली उशी काढून जीपच्या कडेला ठेवली. तिच्यावर कॅमेरा बसवला आणि कॅमेऱ्याला लांब वायरीचं बटण जोडलं. स्टुडिओत ती तसंच करते. कॅमेरा एका जागी, बटण डाव्या हातात, आणि मावशीचे डोळे कॅमेऱ्याच्या वरून थेट माणसावर.

"तुम्ही आतून बघणार नाही?" गाईडने कुजबुजून विचारलं.

"कॅमेऱ्यात डोळा घातला की माणूस दिसत नाही, गाईडभाऊ. फोटो दिसतो," मावशी म्हणाली.

पहिल्या फेऱ्यांमध्ये हरणं दिसली. "ही हलतात," मावशीने तक्रार केली. रानडुकरं दिसली. तीही हलत होती. एक माकड मात्र फांदीवर इतकं सरळ बसलं होतं, की मावशीने त्याचे भराभर फोटो काढले आणि धाकटीला म्हणाली, "बघ, याला म्हणतात शिस्त." वाघाचा पत्ता नव्हता. ओल्या मातीत पावलांचे ठसे होते, झाडावर नखांचे ओरखडे होते. जाईल तिथे वाघ नुकताच उठून गेलेला.

गंमत अशी की मावशीला एव्हाना रडू यायला हवं होतं, आणि तिला तर येता जाता हसू फुटत होतं. तोंडावर वारा, केसांत धूळ, आणि समोर भिंत म्हणून नाहीच! प्रकाश कुठूनही यायचा, कसाही पडायचा, मनाला येईल तेव्हा जायचा. एवढी वर्षं दोन छत्र्यांखाली काढलेल्या बाईला एवढ्या उजेडाने चढल्यासारखं झालं होतं. रात्री अंथरुणावर तेवढी शपथ आठवायची आणि ती उठून बसायची. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही म्हणजे मग सकाळी उठून करायचं काय? आरशाच्या कंगव्याचे दात मोजत बसायचं?

शेवटच्या फेरीला ऊन चांगलं वर आलं होतं. अचानक एक हरीण ओरडलं. गाईडचा हात वर गेला, चालकाने इंजिन बंद केलं. धाकटीने मावशीचा दंड असा धरला की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं.

बाजूच्या बांबूतून वाघीण बाहेर आली.

आली, आणि रस्त्यावरून पुढे चालू लागली. जीपकडे पाठ करून. निवांत, बाजाराला निघालेल्या बाईसारखी. डॉक्टरची लेन्स तिच्या मागे मागे हलायला लागली. "वळेल," गाईड कुजबुजला. वाघीण वळली नाही. पाठ, शेपूट आणि पुन्हा पाठ. पुढे उंच गवत होतं, आणि ती गवताच्या दिशेने सरकत होती. गवतात शिरली की संपलं.

मावशीच्या डोळ्यांत प्राण गोळा झाले. पाठीचा फोटो नेला तर थोरला काय म्हणेल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. मागून काय, मोठं मांजरही असंच दिसतं! उशीवरचा कॅमेरा तिने गवताच्या दिशेला वळवून ठेवला होता, अंगठा बटणावर होता. वाघिणीचा एक पाय गवतात पडला.

आणि मग जे झालं ते मावशीने केलं असं म्हणवत नाही. ते तिच्या हाताने केलं, तिच्या जिभेने केलं. कॅमेऱ्याकडे न बघणाऱ्या बाळांसाठी रोज, वर्षानुवर्षं जे केलं, तेच. उजवा हात आपोआप कानाजवळ गेला, बोटांची चुटकी वाजली, जीभ टाळ्याला लागून मोठ्ठा 'टॉक्' झाला, आणि पाठोपाठ लाडात आलेला आवाज, "ओ ओ ओ! कोण आलंय? इकडे कोण आलंय बघू?"

वाघीण थबकली. आणि वळली.

ती मावशीकडे बघत होती. डॉक्टरकडे नाही, जीपकडे नाही, त्या चुटकीकडे, म्हणजे मावशीच्या थेट तोंडाकडे. कान ताठ, मान सरळ, डोळे उघडे. ती रागावलेली नव्हती आणि घाबरलेली तर मुळीच नव्हती. आजवर मावशीच्या समोर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा, मी बरा दिसतोय ना? या बाईसाहेबांना तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. मावशीला इतकं हलकं वाटलं, इतका आनंद झाला, की जीपमधून उडी मारून तिला मिठी मारावीशी वाटली. सुदैवाने धाकटीने दंड सोडला नव्हता.

मग वाघिणीने तोंड फिरवलं आणि ती गवतात दिसेनाशी झाली.

"कोण बोललं?" गाईड ओरडला. त्याचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, आणि तो चांगला खणखणीत निघाला.

"मी," मावशी म्हणाली. "चुकलं हो, गाईडभाऊ. सवय. बाळं बघत नाहीत ना..."

"ते बाळ होतं?"

"नव्हतं," मावशीने कबूल केलं.

"जीप मागे घ्या," गाईड चालकाला म्हणाला. नियम म्हणजे नियम.

परतीच्या वाटेवर धाकटीने हळूच विचारलं, "ताई, आला का फोटो?"

"विचारू नकोस."

"बटण दाबलंस ना?"

"दाबलं असेल. आठवत नाही. मी तिच्याकडे बघत होते."

"मग आता बघ ना!"

"फाटकापाशी बघू," मावशी म्हणाली आणि कॅमेऱ्यावर पदर घालून बसली. आला नसेल, तर तो न आल्याचं कळायच्या आधी अजून थोडा वेळ तिला फोटोग्राफर राहायचं होतं.

फाटकापाशी चहाची टपरी होती. डॉक्टरने बाकावर बसून आपला फोटो आधी उघडला. वाघीण इतकी जवळ होती आणि लेन्स इतकी लांब, की फोटोत एक नाक आणि तीन मिशा आल्या होत्या. "पण नाक बघा काय आलंय!" तो आनंदाने म्हणाला आणि चालकाला, चहावाल्याला, सगळ्यांना नाक दाखवत फिरला.

मग मावशीने डोळे मिटले, बटण दाबलं आणि कॅमेरा धाकटीपुढे धरला. "तूच बघ. साक्षीदार आहेस."

धाकटीने बघितलं. तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि ती खो खो हसत बाकावरून जवळजवळ खाली घसरली.

वाघीण चौकटीच्या बरोब्बर मधोमध होती. मान सरळ, हनुवटी खाली, चेहऱ्यावर सावली नाही. मागे उन्हाने पांढरं पडलेलं गवत, पडदा ताणल्यासारखं. आणि दोन्ही कान, टोकापर्यंत, स्वच्छ.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "मी हिचा पासपोर्टचा काढला!"

मग ती जी हसत सुटली, ती थांबेचना. टपरीवाला हसला, चालक हसला. गाईड कॅमेऱ्यावर वाकला आणि राग धरून ठेवायचा त्याने मनापासून प्रयत्न केला, पण त्याच्या मिशा हलायला लागल्या. "नियम मोडलात ते मोडलातच," तो पुन्हा कुजबुजत म्हणाला. "परत आलात तर तोंडाला रुमाल बांधून बसवीन." जरा थांबून त्याने विचारलं, "मला एक पाठवाल? जन्म गेला इथे, पण हिने माझ्याकडे असं कधी बघितलं नाही."

धाकटीने तिथूनच थोरल्याला फोटो पाठवला आणि मागोमाग फोन लावला. "दादा, बघितलास? मी शेजारी होते. माझ्या डोळ्यांदेखत काढला. कॅमेऱ्यातून बघतसुद्धा नव्हती! ... काय? ... थांब, ताईला देते."

मावशीने फोन घेतला, तो कंबर कसूनच. "बोल. काय खोट काढायचीय?"

पलीकडे फरशांच्या दुकानातला आवाज येत होता. कुणीतरी फरशी कापत होतं. थोरल्याने त्याला थांबवलं.

"अगं," तो म्हणाला, "बाबा मला न्यायचे, आणि मला त्यातलं काही जमायचं नाही. पेटी उचलायचो फक्त. त्यांनी तुला न्यायला हवं होतं गं."

मावशी अजून हसतच होती, फक्त त्या हसण्यात आता डोळे आणि नाकही सामील झाले होते.

"सिग्नल जातोय रे इथे," ती कशीबशी म्हणाली आणि तिने फोन धाकटीच्या हातात कोंबला.

धाकटीने फोनकडे बघितलं. सिग्नल पूर्ण होता. तिने ताईकडे बघितलं, आणि फोन कानाला लावून म्हणाली, "हो दादा, खरंच जातोय. ठेवते."