नानांचा पासवर्ड

बहिणीच्या घरातून मला कुणी हाकललं नाही. मी फक्त एक प्रिंटर दुरुस्त केला.

अमळनेरला अक्काच्या सासरी टायपिंग क्लास होता. मी कोल्हापूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. दाजींनी ठेवून घेतलं, दोन वेळची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दिली. (त्या भाकरीचे उपकार अजून फिटले नाहीत, म्हणूनच इतकी वर्षं गप्प होतो.)

नव्वदचं दशक संपत आलं होतं. क्लासात एक जुना कॉम्प्युटर आला आणि मासिकाबरोबर मिळालेली, लिनक्स या फुकट सिस्टिमची सीडी मी त्यात घातली. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, बिघडलं तर कुणाची परवानगी नको. स्वतः उघडा, स्वतः दुरुस्त करा. डिक्शनरी घेऊन ते वाक्य मी तीनदा वाचलं. मला आजवर असं कुणी म्हटलंच नव्हतं!

घात झाला पासवर्डापाशी. नानांना, म्हणजे अक्काच्या सासऱ्यांना, मी समजावलं, "यात एक 'रूट' असतो. सगळे अधिकार त्याला. बाकीच्यांनी नुसतं वापरायचं."

"म्हंजे घरना कर्ता!" नाना खुर्ची ओढून बसले. "तो मीच शे. तू तोंड फिराव."

मी फिरवलं. नानांनी एका बोटानं काहीतरी बडवलं. दोनदा.

महिन्याभरानं क्लासला मान्यता द्यायला साहेब येणार, आणि त्याच सकाळी त्यांना दाखवायचे कागद छापताना प्रिंटर अडला! अडकलेलं काम काढायचा हक्क फक्त रूटला.

"नाना, पासवर्ड?"

"गुपित कोनले सांगतस का?"

"मग तुम्हीच टाका."

टाकला. चूक. नातवाचं नाव टाकलं, चूक. कुलदेवीचं, चूक. शेवटी बैलाचं टाकलं, तेही चूक! (बैल जाऊन दहा वर्षं झाली होती.)

"मशीनच बिघडनं!" नानांनी निकाल दिला.

दाजी घामाघूम. "अरे, साहेब साडेअकराला येतील! मान्यता गेली तर क्लासला टाळं!"

मला पुस्तिका आठवली. मशीन बंद करून चालू केलं, सुरुवातीलाच दोन शब्द टाइप केले. पासवर्ड न विचारता थेट आत! प्रिंटर करकरला. साहेब आले, कागद बघितले, वांग्याचं भरीत हाणलं आणि मान्यता देऊन गेले.

मी शाबासकीची वाट बघत उभा.

"मना पासवर्ड नही, तरी तू आत कसा गया रे?" नानांनी विचारलं.

"मशीनपुढं जो बसतो ना नाना, त्याला जाता येतं. हीच तर यातली गंमत!"

"कपाटाचंही जमतं का रे असं?" दाजी हसत म्हणाले. दुसरं कुणी हसलं नाही.

अक्कानं देवघरातल्या खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी मी सुरतेची गाडी धरली. (डबा अक्कानंच दिला. भाकऱ्या नेहमीपेक्षा दोन जास्त!)

आता सुरतेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. घरच्या कॉम्प्युटरची रूट माझी मुलगी. पासवर्ड मला सांगत नाही. मी विचारतही नाही. उघडता येतं हो, दोन शब्दांचं काम! पण नंतर राहायला जाऊ कुठं? बहीण एकच, आणि तिचं घर तर आधीच सुटलंय!