बर्फाच्या डब्यातला रोल

"हा इथे कुणी ठेवला?" मी ओरडलेच. उमरेडच्या विणकर देवाजींच्या हातमागाशेजारी बर्फाचा डबा होता. त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमध्ये माझ्याकडचा फिल्मचा शेवटचा रोल पडला होता.

"मीच, मॅडम," पंकज अभिमानानं म्हणाला. हा नागपूरच्या गांधीबागेतल्या साडीच्या दुकानाचा मॅनेजर; दुकानासाठी फोटो काढायला त्यांनी मला आणलं होतं. "फिल्म थंडी ठेवा लागते ना? तुमच्या बॅगमंदी गरम होऊन राहिली होती."

अरे, गरम व्हावी म्हणूनच ती बॅगेत होती! फिल्म टिकावी म्हणून मी ती घरी फ्रिजमध्ये ठेवते. पण वापरण्याआधी ती सीलबंद पाकिटातच बाहेरच्या हवेइतकी गरम होऊ द्यावी लागते. श्रावणातल्या दमट हवेत गार पाकीट फोडलं, तर थंड पाण्याच्या पेल्याला घाम फुटतो तसा फिल्मला फुटतो. मग फोटोवर डागच डाग.

आणि फोटो पुन्हा मिळणार नव्हता. देवाजी आज त्यांची शेवटची साडी मागावरून कापणार होते. मुलं दुसऱ्या कामाला लागली होती. साडी उतरली की माग सुटा करून विकायचा होता.

"लोड करा, मॅडम. मालक फोनवर फोन करून राहिले."

"तासभर थांबावं लागेल."

"मग गाडीच्या बोनेटवर ठिवू? लवकर गरम होईन."

"हात तर लावून बघा!"

"मालकाले काय सांगू?"

"फोटोग्राफर ऐकत नाही म्हणून सांगा. मोबाइलवर काढायचा तर खुशाल काढा. त्याला माझं नाव लावू नका."

पंकज तोंड वाकडं करून देवाजींकडे वळला. "काका, कापून टाका तुम्ही. मी घेतो मोबाइलवर."

साडी त्यांची, माग त्यांचा. त्यांना मी कुठल्या तोंडानं अडवणार?

देवाजींनी कात्री उचलली आणि सरळ बंडीच्या खिशात घातली.

"बाईचा रोल तयार होऊ दे. जलमभर बसलो इथं, आनखी तासभर बसतो. मले काहून घाई? तुले असंन तं तू जाय गा."

पाकिटाचा गारवा हाताला लागेनासा झाला, तेव्हाच मी ते फोडलं. मग देवाजींनी खिशातून कात्री काढली.

तो फोटो आता दुकानात भिंतभर लावलाय. त्यावर एक डाग नाही. मालकांनी पुढचं कामही मलाच दिलं. पंकजनं फोन केला, "मॅडम, या टायमाले रोल थंडा ठिवाचा का गरम?"

"तुमच्यापासून लांब," मी म्हटलं.