गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप

मला वाटलं लेकराला ताप आला. लोहा सोडून बस नांदेडकडं निघाली होती, लेकरू माझ्या मांडीवर झोपलं होतं, अन् माझ्या मांड्या भाजून राहिल्या. मी तिच्या कपाळाला हात लावला, गार. पोटाला लावला, गार. तळपाय बी गार. मग हे गरम कुठून येऊन राहिलंय म्हणून तिच्या खालच्या पिशवीत हात घातला अन् तसाच मागं घेतला. आतली गोधडी तापली होती, चुलीला टेकवून ठेवल्यावानी. अन् गोधडीच्या आत लॅपटॉप होता.

लॅपटॉप माझ्या नणंदेचा. ती शेजारी खिडकीला डोकं टेकवून झोपली होती. नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता तिचा, मी तिला होस्टेलवर सोडायला चालले होते. अन् हा लॅपटॉप बिघडला तर तिनं घरी बसायचं, असं माझ्या सासऱ्यांनी दुकानात चार माणसांसमोर सांगितलं होतं.

मी तिला उठवलं न्हाई. लेकराला खांद्यावर टाकलं अन् गोधडीच्या गाठी सोडायला लागले, तर त्या सुटेनात. माझ्याच हातानं मारलेल्या गाठी. बस खड्ड्यातून चाललेली, लेकरू जागं होऊन रडायला लागलेलं, पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघून राहिली, पोरीला काय होतंय म्हणून. गाठ सुटली तसा आतून वास आला, प्लास्टिक तव्याला चिकटल्यावर येतो तसा. झाकण उघडलं. काळंच. सगळी बटनं दाबली, जोरात दाबली, हळू दाबली. काहीच न्हाई.

आता पहिल्यापासून सांगते, न्हाईतर कळायचं न्हाई.

मी दहावीला गणितात राहिले अन् पुढं लग्नच झालं. माहेर हिमायतनगरकडं, सासर लातूरला. सासऱ्यांची आडत हाय, सोयाबीन, तूर, हरभरा. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. आप्पा सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून सांगतात ओल किती हाय ते, अन् पोतं नुसतं बोटानं ढकलून सांगतात कमी भरलंय का बरोबर. काट्यावर ठेवल्याबिगर त्या घरात काहीच येत न्हाई. माझी पोरगी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आणलं, तर आधी दुकानाच्या काट्यावर ठेवली तिला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, त्या म्हणल्या, पोरगीच हाय, त्यात काय मोजायचं. आप्पांनी मोजली तरी.

नणंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी. तिच्याइतकं हुशार आमच्या खानदानात कुणी न्हाई. पण घर सोडून शिकायला जाणारी बी ती पहिलीच, म्हणून आप्पांना हाव म्हणायला पंधरा दिवस लागले. मग कॉलेजातून यादी आली, लॅपटॉप घ्या म्हणून. ताईनं मोबाईलवर रात्रंदिवस बघून एक ठरवला. मला सांगायची, वहिनी, याच्यात मशीनची चित्रं काढायची असत्यात, चारी बाजूंनी फिरवून बघायची, साध्या लॅपटॉपला ते झेपत न्हाई. ताकदीचा पाहिजे, पण रोज खांद्यावर न्यायचा हाय, म्हणून हलका पाहिजे.

ते खांद्याचं मला चांगलं कळत होतं. आठवीत असताना ती जिन्यावरून पडली होती, डाव्या खांद्याचं हाड वाकडं जुळलं. माझ्या लेकराला ती उजव्याच कडेवर घेती. डाव्या बाजूला दप्तर टाकलं की संध्याकाळी मान वळवता यायची न्हाई तिला. पण आप्पांसमोर ती कधी दुखतंय म्हणायची न्हाई. म्हणलं असतं तर ते लगेच म्हणले असते, मग कशाला जाती नांदेडला.

लॅपटॉपवाला आप्पांच्या ओळखीचा, दोन डबे घेऊन आडतीवरच आला. एक जाड, काळा. एक पातळ. आप्पांनी दोन्ही बाहेर काढले अन् नमुना मोजायच्या छोट्या काट्यावर ठेवले, आधी एक, मग दुसरा. जाड अडीच किलो भरला. पातळ सव्वा किलोच्या आसपास. दुकानातले हमाल गोळा झाले. एक जण म्हणला, "आप्पा, हे तर भुईमुगाचं फोल हाय, आत दाणाच न्हाई." सगळे हसले. आप्पा बी हसले. ताई हसली न्हाई.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. ज्यात माल जास्त ते वजनाला जास्त. लॅपटॉपवाला समजावून राहिला की याच्यात तसं नसतं, पातळ असून बी ताकद तेवढीच हाय, अन् जाडवाला गार राहातो हे बी खरं. आप्पांना पटेना. ताईचं तोंड उतरलं.

मी चहा घेऊन आले होते, लेकरू कडेवर. आप्पा अचानक माझ्याकडं वळले. "सूनबाई, तू सांग. दिवसभर लेकरू घेऊन फिरतीस, वजनाचं तुला कळतं."

त्या घरात मला कुणी काही विचारायची ती पहिली वेळ. भाजी कोणती करू हे बी मीच विचारते. लेकरू ताईकडं दिलं, जाडवाला पिशवीत घालून खांद्यावर टाकला अन् फाटकापर्यंत जाऊन आले. मग पातळवाला टाकून जाऊन आले. हमाल बघून राहिले, मला लाज वाटून राहिली. मग मी पातळवाल्यावर हात ठेवला अन् म्हणलं, हे.

आप्पांनी त्याच्या डब्याला विभूती लावली अन् ताईला म्हणले, "हे बिघडलं तर दुसरं मिळणार न्हाई. मग घरी यायचं अन् गप बसायचं." अन् माझ्याकडं बघून म्हणले, "जिम्मा तुझा."

मी हाव म्हणलं.

लॅपटॉपवाल्यानं जाताना सांगितलं होतं की पातळ हाय, गरम होतो, उशीवर, गादीवर ठेवू नका, खालून हवा लागती याला. ते बी मी ऐकलं अन् हाव म्हणलं. मला ती सवयच हाय. शाळेत सरांनी गणित सांगितलं अन् विचारलं, कळलं का, की मी हाव म्हणायची. सासरी तर हाव म्हणलं की पुढं कुणी काही बोलत न्हाई.

निघायच्या दिवशी सकाळी ताईनं लॅपटॉप चालू करून ठेवला होता. कॉलेजचं काहीतरी मोठं त्याच्यात उतरून राहिलं होतं, घरच्या वायफायवर उतरलं की मग तिकडं त्रास न्हाई म्हणली. आंघोळीला जाताना मला सांगून गेली की वहिनी, झाकण लावलं तरी हे आतून चालूच राहातं, मी तसं करून ठेवलंय, मी आल्यावर बंद करते, तुम्ही हात लावू नका.

हाव.

अन् मग सगळं एकदमच झालं. भावजी, म्हणजे माझे दीर, ऑटो घेऊन आले, गाडी चुकती म्हणून हॉर्न वाजवून राहिले. आत्याबाई न्हाणीच्या दाराशी ताईला हाका मारून राहिल्या, शेवटच्या दिवशी बी हिला फुरसत पाहिजे म्हणून. लेकरानं कपडे ओले केले. मी पिशव्या भरून राहिले. नुसत्या बॅगेत लॅपटॉप पावसाच्या दिवसांत अहमदपूरच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं हादरून फुटायचा, असं माझ्या मनानं घेतलं. जिम्मा माझा. मी झाकण लावलं, उजेड गेला, मला वाटलं झालं बंद. लेकराची गोधडी घेतली, दुपदरी, माझ्या आईनं शिवलेली. त्यात लॅपटॉप गुंडाळला. लेकरू बसमध्ये ओलं करील म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलं, अन् त्यावर सुती कपड्याच्या दोन गाठी मारल्या. तान्ह्या लेकराला थंडीत गुंडाळते तसं गुंडाळलं. ताई बाहेर आली, केस ओलेच, तिनं विचारलं, लॅपटॉप घेतला ना. मी म्हणलं, हाव, चांगला बांधून घेतला. तिला वाटलं, बंद करूनच बांधला.

तीन-साडेतीन तास तो माझ्या मांडीवर जळत होता.

नांदेडला उतरल्यावर मी तिला दाखवला. ती ओरडली न्हाई. गोधडी हातात घेतली, प्लास्टिक बघितलं, गाठीचं फडकं बघितलं. मग स्टँडवरच्या बाकावर बसून बटन धरून ठेवलं बराच वेळ. लेकरू तिच्याकडं जायला हात करून राहिलं, तिनं उजव्या हातानं घेतलं अन् डाव्या हातानं बटन धरूनच ठेवलं.

होस्टेलवर सामान टाकलं अन् ऑटोनं दुरुस्तीच्या दुकानात गेलो. माणसानं मागचं झाकण खोललं. आतली बॅटरी भाकरीवानी फुगली होती. त्यानं वास घेतला अन् विचारलं, कशात गुंडाळलं होतं हो हे? ताईनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "बॅगेत होतं," म्हणली. तो म्हणला बॅटरी गेली, मेन बोर्ड बी गेला असंल, अन् असा जळालेला कंपनी वॉरंटीत धरत न्हाई.

परत येताना ऑटोत ती मला म्हणली, "वहिनी, तुम्ही काही बोलू नका. मला ओरडतील अन् गप होतील. तुम्हाला माहेरी पाठवतील."

खोटं न्हाई ते. पोरगी झाल्यापासून आत्याबाई तेच बोलून राहिल्या होत्या, एक काम धड न्हाई हिला, ठेवा चार महिने आईकडं, अक्कल येईल. माझे मालक, म्हणजे नवरा, त्यांच्या आईसमोर तोंड उघडत न्हाईत. अन् माझ्या आईच्या घरात माझी अन् लेकराची जागा कुठली. मी रडले. ती न्हाई रडली. मला तेव्हा एकच वाटलं, की सुटले. हे सांगायला लाज वाटती, पण खरं तेच हाय.

नंतर मी लेकराला घेऊन दोन दिवस माहेरी राहून लातूरला आले. ताईनं वीस दिवस काढले. कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची, मैत्रिणीचा मागायची. फोनवर मला म्हणायची, चाललंय. मग आप्पांनी एक दिवस व्हिडिओ कॉल लावला अन् म्हणले, दाखव तर तुझं मशीन, कसं चालतंय. तिनं सांगून टाकलं. बंद पडलं म्हणली. माझ्याच हातून झालं, असं बी म्हणली.

आप्पा दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेले अन् तिला घेऊन आले.

मी दारात उभी होते. ताई आधी आत आली, एका हातात बॅग, उजव्या. मागून आप्पा. ते हातपाय धुवून ओट्यावर बसले. आत्याबाई म्हणल्या, सिनेमे बघून बघून जाळलं असंल, पोरींना मोकळं सोडल्यावर दुसरं काय व्हायचं. आप्पांनी त्यांना हातानं गप केलं. मग मला बोलावलं.

"तुझ्या हातात होतं तेव्हा चांगलं होतं का?"

चढ्या आवाजात न्हाई विचारलं. सोयाबीनवाल्याला विचारतात तसं विचारलं, खरं सांगितलं तर भाव ठरवू अशा आवाजात. मला अजून वाटतं, तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. न्हाई बी घेतलं असतं. लेकरू कडेवर होतं, माझ्या कानातला डूल ओढून राहिलं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, लेकराकडं बघितलं.

मी म्हणलं, "हाव."

आप्पांनी मान हलवली. "मग हिनंच बिघडवलं," म्हणले, अन् उठून दुकानात गेले.

आता ताई आडतीवर बसती. काट्यावर पोतं चढलं की वजन वहीत लिहिती. हमालांच्या मजुरीचे आकडे तोंडपाठ झाले तिला. माझ्याशी बोलती, हसती बी, लेकराला खेळवती. त्या दिवसाचं एक अक्षर काढत न्हाई. लॅपटॉप माझ्या खोलीत कपाटात हाय, त्याच गोधडीत. मी ती गोधडी लेकराला परत घातली न्हाई. कधी कधी दुपारी घरात कुणी नसलं की कपाट उघडून त्याला हात लावून बघते. गार असतो.

येत्या रविवारी उदगीरहून पाहुणे येऊन राहिलेत तिला बघायला. आत्याबाईंनी मला पोह्याचं सांगितलंय. मुलाकडच्यांनी विचारलं की नांदेडचं शिक्षण का सोडलं, तर काय सांगायचं ते बी ठरलंय. खांदा दुखतो म्हणायचं, त्याला कुणी नाव ठेवत न्हाई.

काल ताई पोळ्या लाटून राहिली होती, एकाच हातावर जोर देऊन. मी म्हणलं, ताई, मी सांगून टाकते आप्पांना. ती लाटता लाटता म्हणली, "आता काय सांगता वहिनी. लेकरू लहान हाय तुमचं."

मी परत हावच म्हणलं. तोंडातून निघूनच गेलं.

रविवारला अजून चार दिवस हायेत. आप्पा रोज सकाळी पूजा करून ओट्यावर बसतात, मी चहा घेऊन जाते, दोन मिनिटं आम्ही दोघंच असतो. कप ठेवते अन् उभी राहाते. ते विचारतात, काय गं? अन् मी काही न्हाई म्हणून आत येते.

तुम्ही लेकरू कडेवर घेऊन तिथं उभ्या असता, अन् तुमच्या नणंदेनं तुमच्यासाठी तोंड बंद ठेवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? मला खरंच कळत न्हाई, म्हणून विचारते. काय केलं असतं तुम्ही?