यांची पिशवी मीच बदलत होते

"मूत्राशय काढावं लागेल," नागपूरचे डॉक्टर म्हणाले तेव्हा हे खिडकीबाहेर पाहत होते आणि मी डॉक्टरांच्या तोंडाकडे. एक्क्याऐंशी सालचा उन्हाळा. हे सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू. महिनाभर लघवीतून रक्त जात होतं, ते यांनी माझ्यापासून लपवलं होतं. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ निघाली. कॅन्सर.

ऑपरेशनचं नाव युरोस्टॉमी. म्हणजे आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीला पोटावरून नवी वाट करून देतात. बेंबीच्या उजवीकडे लालसर कळीसारखं तोंड दिसतं, त्याला स्टोमा म्हणतात. तिथून लघवी सारखी झिरपते, रोखता येत नाही. म्हणून त्यावर रबरी पिशवी चिकटवून पट्ट्याने बांधायची. सिस्टरने हे सगळं मला शिकवलं. यांनी मान वळवून घेतली.

चार वर्षं पिशवी मीच बदलली. सकाळी उठल्याबरोबर, पाणी पिण्याआधी, कारण तेव्हा झिरपणं कमी असतं. कातडी कोमट पाण्याने पुसायची, पुरती कोरडी करायची, मगच पिशवी. सासूबाईंनाही हात लावू दिला नाही. रामाकोन्याला माहेरी एक रात्र राहिले नाही, आणि खरं सांगते, त्याचा मला अभिमान होता.

मग एकदा तपासणीला गेलो असताना दवाखान्याच्या बाकावर पांढुर्ण्याचे गजभिये गुरुजी भेटले. त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. बायको वारलेली, पिशवी स्वतःच बदलत. तेव्हापासून हे दर रविवारी पांढुर्ण्याच्या बसमध्ये.

एका रविवारी मीही सोबत गेले. गुरुजींच्या सुनेने मला आत चहा दिला. बाहेर हे सांगत होते, "साहेबासमोर पिशवी सुटली ना गुरुजी! म्या म्हटलं, लोटा सांडला!" दोघंही खो-खो हसत होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्यासमोर हे चार वर्षांत असे हसले नव्हते. चहा तसाच खाली ठेवला. सवत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. या म्हाताऱ्या माणसाशी काय भांडू?

पुढच्याच आठवड्यात यांनी न्हाणीचं दार आतून लावलं. मी धुतलेली पिशवी घेऊन बाहेर.

"राहू दे, मी करून राहिलो," आतून आवाज आला.

मनात आलं, गळू दे. दुपारी हे ओल्या पँटने घरी आले तेव्हा मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते. पण घरात असं दुखणं असेल तर तुमच्याही मनात असलं काही येईल, म्हणून लिहिते.

"पाह्यलं? हे गुरुजीचं शिकवणं," मी म्हटलं.

हे चिडले नाहीत. खाटेवर बसले. "तू पुसत होती ना, तवा मी डोये मिटून घेत होतो. चार वर्षं माह्या पोटाकडं पाह्यलं नाही म्या. गुरुजीनं आरशात पाह्यले लावलं."

"मले काऊन नाही सांगतलं तुम्ही?"

"तू रडली असती. अन् तुह्यासमोर मले सारखं आजारी नव्हतं राह्यचं."

रडले मी. मग दुसऱ्या दिवशी न्हाणीत स्टुलावर बसले आणि हात न लावता सांगत गेले: खालची कडा ओली राहिली, अजून पुसा. हात मांडीखाली दाबून धरले होते.

त्यानंतर भाचीच्या लग्नाला माहेरी आठ दिवस राहिले. पहिले दोन दिवस उठल्यावर काय करावं कळेना. तिसऱ्या दिवशी उन्हं येईपर्यंत झोपले.

परतल्यावर तपासणीत डॉक्टर म्हणाले, "कातडी फार छान आहे. इतकी चांगली आधी नव्हती." मला टोचलंच. हे मात्र शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले होते.

गुरुजींचे आमच्यावर उपकार आहेत. दर रविवारी त्यांच्यासाठी डबा देते. अजूनही जळते थोडी. पण डब्यात गोडाचं घालायला विसरत नाही.